क्लच नसलेली गाडी

सिग्नल हिरवा झाला आणि गेशेचा डावा पाय क्लचवरून घसरला. तिने तो उचलला नव्हता. झोपलेल्या माणसाचा हात पलंगाखाली लोंबावा तसा तो आपणहून बाजूला पडला. गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली. पुढे सायकलवर एक बाई होती, आणि तिच्या मागच्या खुर्चीत पिवळं हेल्मेट घातलेलं मूल. गाडीचं नाक त्या खुर्चीपासून वीतभर अंतरावर थांबलं होतं. बाईला काही कळलंच नाही, ती पेडल मारत पुलाकडे निघून गेली. मुलाने मात्र मान वळवून पाहिलं, अगदी शांतपणे, दुकानाच्या काचेतली वस्तू बघावी तसं. मागून हॉर्न सुरू झाले. डावीकडून ट्रामने घंटा वाजवली. गेशेने खाली पाहिलं. पाय तिथंच होता, काळ्या बुटात, किंचित आत वळलेला, आणि इतका निवांत की तिला त्याचा संताप आला. तिने दोन्ही हातांनी गुडघ्याखाली धरून तो उचलला, क्लचवर ठेवला, वरून गुडघा दाबला, किल्ली फिरवली. पूल तिने पहिल्या गिअरमध्येच ओलांडला. इंजिन केकाटत होतं, खाली वेझर नदी राखाडी वाहत होती, आणि पलीकडून, तिचा नवरा एनो कामाला होता त्या कारखान्याकडून, भाजल्या कॉफीचा करपट वास येत होता. ब्रेमेनमध्ये इतकी वर्षं काढली, पण त्या वासासाठी तिने कधी काच वर केली नव्हती. आज केली. पुलाच्या पलीकडे तिने गाडी कडेला घेतली, दिवे लुकलुकत ठेवले आणि ती बसून राहिली. तिच्या डोळ्यांपुढे ते मूल अजून वळून बघतच होतं.

पायांकडे बघायचं नसतं. हे तिला कुणी शिकवलं असेल तर ऑर्गन शिकवणाऱ्या आलर्सबाईंनी. लहानपणी चर्चमधल्या ऑर्गनच्या उंच बाकावर ती पहिल्यांदा बसली तेव्हा तिचे पाय खालच्या पट्ट्यांना जेमतेम पोचत होते. हातांसाठी वर पांढऱ्या-काळ्या पट्ट्या, आणि पायांसाठी खाली लाकडाच्या लांबच लांब पट्ट्या, शिडी आडवी टाकल्यासारख्या. तिची मान खाली गेली की आलर्सबाई हनुवटीखाली दोन थंड बोटं लावत. "खाली काय बघतेस? पाय पळून चाललेत का? आहेत तिथंच आहेत ते. तू वर बघ, त्यांचं त्यांना बघू दे." आणि पाय खरंच बघायला शिकले. काही महिन्यांत असं झालं की अंधारातही तिच्या डाव्या अंगठ्याला कुठली पट्टी कुठं आहे ते कळत असे. घरच्या जिन्याची पायरी कळते तसं. हातांचं कौतुक सगळे करत, पण तिचा स्वतःचा आनंद खाली होता, जिथं कुणी बघत नाही तिथं, पातळ तळव्याच्या चामडी बुटांतून अंगात चढणारा. पुढे गाडी शिकायला गेली तेव्हा तो सूर्यफुलाच्या बिया चघळणारा जाडा शिक्षक पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "काय गं, याआधी कुणाची गाडी पळवत होतीस?" क्लच तिच्या पायाखाली लोण्यासारखा उठला होता. तिने ऑर्गनचं सांगितलं. तो हसून खोकला. "असं होय. देवाच्या घरी शिकून आलीस म्हणजे."

ऑक्टोबरात पहिल्यांदा खालचा एक स्वर उशिरा आला होता. कुणाच्या तरी अंत्यविधीला, शेवटच्या कडव्यात. गेशेला वाटलं बूट जुने झाले. तिने नवे घेतले. मग वाटलं ऑर्गनच्या माळ्यावर गारठा फार आहे, दाराखालून वारा येतो. तिने फटीत जुनी शाल कोंबली. मग डावा पाय जिन्यावर अडकायला लागला, सपाट फरशीवर अडकायला लागला, आणि खालच्या स्वरांसाठी उजवाच पाय एकटा इकडून तिकडे उड्या मारायला लागला, दोघांचं काम एकट्याने उरकणाऱ्या मोलकरणीसारखा. जानेवारीत एका तरुण डॉक्टरीणबाईने पडद्यावर तिच्या डोक्याचे आणि मणक्याचे फोटो लावले. करड्या रंगात पांढरे ठिपके होते, मीठ सांडल्यासारखे. मल्टिपल स्क्लेरोसिस, ती म्हणाली, मज्जासंस्थेचा आजार. अधूनमधून उसळणारा नाही, हळूहळू पुढे सरकणारा. पाय कधी ढिला पडेल, कधी मनाविरुद्ध आखडून झटका देईल. त्या खोलीत गेशेने एकच प्रश्न विचारला: "गाडी चालवता येईल?" ऑर्गनचं विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. डॉक्टरीणबाईने तिच्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाली, "ऑटोमॅटिक घ्या ना. उजवा पाय उत्तम आहे तुमचा. तोवर काही अडचण नाही."

तोवर. घरी येताना, जेवण करताना, शिकवणीच्या पोरांच्या चुका दुरुस्त करताना हा शब्द तिच्या तोंडात खड्यासारखा फिरत राहिला. तोवर म्हणजे कधीवर, हे डॉक्टरीणबाईने सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. गाडी हवीच होती. ती ज्या चर्चमध्ये रविवारी वाजवायची ते ओस्टरझीलला होतं, समुद्राच्या अंगाला, हायवेने तासभर. रविवारी तिकडे बस जात नसे, आणि तिथला ऑर्गन हा तिच्या आयुष्यातला एकमेव ऑर्गन होता असं म्हटलं तरी चालेल. शहरातल्या शिकवण्या पोटासाठी. ओस्टरझील स्वतःसाठी. गाडी असेल तर ओस्टरझील आहे, असं ती मनाशी म्हणत असे. आणि तिथं पोचल्यावर बाकावर कोण बसणार, कुठल्या पायांनी, ते ती दुसऱ्या खोलीत ठेवून दार लोटून घेत असे.

एनोला तिने सांगितलं नव्हतं. हेही दार लोटलेलंच. एनोची आई त्यांच्या घरी मागच्या खोलीत पडून होती, किती वर्षं ते दोघांनीही मोजणं सोडलं होतं. एनो पाळी करून यायचा, हात धुवायचा आणि आईला उचलायचा, फिरवायचा, भरवायचा. एकदाही चिडला नाही. तिला पुरून आले त्या दिवशी तो स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहिला, काळा कोट न काढता, आणि भिंतीकडे बघून म्हणाला, "आता पुन्हा नाही. पुन्हा मला हे जमायचं नाही, गेशे." तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. बरोबर आहे, म्हणाली होती. तो हात अजून तिला आठवत होता, आपलाच, किती सहज फिरत होता.

ते सायकलवरचं मूल दिसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, न्याहारीला, ती म्हणाली, "आपण गाडी बदलू या का?"

एनो चहात खडीसाखर टाकत होता. कॉफीच्या कारखान्यात उभा जन्म गेला, पण तो फ्रीसलँडचा, चहाबाजांच्या मुलखातला. घरी कॉफीच्या थेंबाला शिवत नसे. कपात खडा तडकल्याचा आवाज ऐकल्याशिवाय तो बोलत नसे. तो ऐकला आणि म्हणाला, "का? हिला काय धाड भरलीय?"

"हिला काही नाही. ऑटोमॅटिक घ्यावी म्हणते."

"ऑटोमॅटिक! अगं, ती म्हाताऱ्यांची गाडी. डोक्यावर टोपी, मागच्या काचेशी भरतकामाची उशी."

"उशी मी भरीन."

"क्लच दाबायचा नसेल तर गाडी कशाला? ट्रामने जा की. ड्रायव्हर फुकट." मग तिच्याकडे बघून, "गुडघा दुखतोय का तुझा? हल्ली जिन्यात थांबतेस."

"पुलावर ती खोदकामं चाललीत, एनो. थांब, चाल, थांब, चाल. वैताग आलाय मला."

"बरं बाई," एनो म्हणाला. "वैताग हे कारण मला पटतं."

आणि मग तो त्यात घुसला. हेच तिने गृहीत धरलं नव्हतं. एनो कुठलीही गोष्ट अर्धी करत नसे. कारखान्यात ज्याला त्याला विचारून आला, मोबाइलवर तासनतास गाड्या सोलून दाखवणारी माणसं बघत बसला, आणि रोज सकाळी तिला नवं काहीतरी सांगू लागला. "दोन क्लचवाला गिअरबॉक्स नको आपल्याला. हायवेला मख्खन, पण शहरात मुंगीच्या पावलाने चालवली की अडखळते, आणि तुला तर पूल रोजचा. टॉर्क कन्व्हर्टर घ्यावा, जुनी पद्धत, पण दगडासारखी. त्यात मध्ये तेल असतं बघ, तेलच तेलाला ढकलतं, काही घासत नाही, काही झिजत नाही." त्याने दोन बशा समोरासमोर धरून तेल तेलाला कसं ढकलतं ते दाखवलं. त्याच्या बोटांना कॉफीचा वास होता. "नाहीतर ती जपानी हायब्रिड. तिच्यात गिअर असे नाहीतच. शहरात विजेवर, हायवेला पेट्रोलवर. बिघडायलाच काही ठेवलेलं नाही त्यात." तो किती खूश होता. कितीतरी वर्षांनी त्या दोघांना बोलायला एक विषय मिळाला होता. गेशे मान हलवत होती, मधूनच प्रश्न विचारत होती, आणि टेबलाखाली डाव्या पायाची बोटं वर उचलायचा प्रयत्न करत होती. वर, वर, ऊठ. समोर एनो बशा फिरवत होता. काही घासत नाही, काही झिजत नाही. तिला ओरडावंसं वाटलं. "आणि टिकते किती?" तिने विचारलं. "आपल्याला पुरून उरेल," एनो म्हणाला.

शनिवारी सकाळी ते शहराच्या कडेला गाड्यांच्या दुकानात गेले. तिथं कॉर्डेसबाई म्हणून एक विक्रेती होती, पन्नाशीची, आखूड केसांची, हसताना खांदे हलवणारी. एनोने खिशातून चष्मा काढून प्रश्नांची फैर सुरू केली: आधीचा मालक कोण, तेल कधी बदललं, हायवेला आवाज किती येतो, ओव्हरटेकला मागे पडते का. कॉर्डेसबाईंनी सगळ्याची उत्तरं दिली आणि मग विचारलं, "चालवणार कोण? तुम्ही?"

"ही चालवणार."

"मग तुम्ही मागे बसा. नवरे पुढे बसले की जमिनीवर ब्रेक मारतात, माझ्या गाड्यांना भोकं पडतात."

गर्द हिरवी हायब्रिड होती. गेशे आत बसली आणि तिने, इतक्या वर्षांचा नियम मोडून, सरळ खाली पाहिलं. दोनच पेडल. रुंद ब्रेक, त्याच्या उजवीकडे ॲक्सिलरेटर. डावीकडे जिथं तिसरं असायचं तिथं नुसता गालिचा, आणि कडेला एक तिरकी पट्टी, पाय टेकवून ठेवायला. पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तशी तिची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जात होती. कॉर्डेसबाईंनी बटण दाबलं. काहीच वाजलं नाही. "सुरू आहे," त्या म्हणाल्या. "ब्रेक सोडा, ती आपणहून सरकेल." गेशेने ब्रेक सोडला आणि गाडी सरकली, कुणी हात धरून घेऊन जावं तशी. रस्ता, वळण, गोल चौक. काहीच करावं लागत नव्हतं. अंग सैल पडत गेलं आणि त्या सैलपणाचीच तिला भीती वाटायला लागली. पुढे ट्रामचा फाटा आला, सिग्नल पिवळा झाला, आणि त्या क्षणी तिचा डावा पाय उठला. उठला, पुढे झेपावला आणि क्लच समजून ब्रेकवर धाडकन बसला. तिघंही पट्ट्यांमध्ये पुढे फेकली गेली. एनोचा चष्मा पुढच्या दोन सीटांमध्ये येऊन पडला.

"सगळ्यांचं होतं हे," कॉर्डेसबाई छातीवर हात ठेवून म्हणाल्या. "त्या डाव्या पायाला सांगा, बाबा रे, तुझी नोकरी गेली. आता घरी बस."

मागून एनो हसला. "ऐकलंस का गं? पेन्शन चालू झाली त्याची."

पण गेशेला ते ऐकूच आलं नव्हतं. पाय उठला होता. महिनोन्‌महिने विनवलं, चोळलं, शेकलं, शिव्या दिल्या, तो पाय आपणहून उठला होता आणि त्याच्यात जोर होता, पूर्वीचा, ऑर्गनच्या बाकावरचा जोर. मांडीतून एक गरम लाट वर आली. फोटो दुसऱ्या कुणाचे असतील. असं होतं, वर्तमानपत्रात येतं, पाकिटं बदलतात. किंवा तसा आजार असेल, पण तो मागे फिरला असेल. ती डॉक्टरीणबाई किती कोवळी होती, तिला काय कळतंय. "हायवेला घेऊ का?" तिने विचारलं, आणि तिचा आवाज इतका वेगळा आला की एनो मागून पुढे वाकला. हायवेवर तिने गाडी सोडली. दोन्ही बाजूंना सपाट ओली कुरणं, पवनचक्क्या, वर धुवून वाळत घातल्यासारखं आभाळ. पुढे एक मोठा ट्रक होता. तिने पाय दाबला, गाडी क्षणभर गुणगुणली आणि ट्रकच्या कडेने सरळ पुढे निघून गेली. मागे एनो कॉर्डेसबाईंशी आवाजाबद्दल वाद घालत होता, हा टायरचा आहे की वाऱ्याचा. गेशेला त्या दोघांचं फार प्रेम वाटलं. ती घरी जाऊन काही सांगणार नव्हती, कारण सांगायला काही उरलंच नव्हतं. ही गाडी घ्यायचीही नाही. एनोला म्हणायचं, तू म्हणतोस ते खरं, म्हाताऱ्यांचीच आहे. तो केवढा जिंकल्यासारखा हसेल. मे महिन्यात ती ओस्टरझीलला एक मोठी रचना वाजवेल, जिच्यात शेवटी दोन्ही पाय एकटेच बोलतात, हात मांडीवर ठेवून. मध्येच एका कोपऱ्यात तिला माहीत होतं: झटका. आखडून झटका देईल, असं सांगितलं होतं. पण ते कुणीतरी फार लांबून सांगितल्यासारखं होतं, आणि गाडी पळत होती.

हायवेलगतच्या एका थांब्यावर तिने गाडी आत घेतली.

"इथं कशाला?" एनोने विचारलं.

"जरा पाय मोकळे करते."

ती दार उघडून उतरली. समोर तारेचं कुंपण होतं. तिथवर जायचं आणि परत यायचं, चवड्यांवर, लहानपणी चालायची तसं, एवढंच तिच्या मनात होतं. डाव्या बुटाचं टोक सपाट डांबरात अडकलं. ती दोन्ही तळव्यांवर पडली, मग कोपरावर, मग गालावर. डांबर थंड होतं आणि त्याला रबराचा वास होता. ती तशीच राहिली. आत जे काही उभं राहिलं होतं ते कोसळल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

"ओलं असेल तिथं," कॉर्डेसबाई धावत येत म्हणाल्या.

ओलं नव्हतं. एनोने तिला काखेत धरून उठवलं आणि गाडीच्या पुढच्या भागाला टेकवून बसवलं. मग तो खाली बसला, आणि तिला वाटलं तो खरचटलेलं बघतोय. पण त्याने तिचा डावा बूट हातात घेतला होता. बुटाचं टोक चामडं जाऊन आतल्या पुठ्ठ्यापर्यंत झिजलं होतं. त्याने उजव्या बुटाकडे पाहिलं. तो कोरा होता.

"हा असा कशाने झिजला?"

तिने सांगितलं. सांगताना तिला जाणवलं की नाव आपण पहिल्यांदाच मोठ्याने घेतोय, आणि ते एखाद्या परक्या गावाच्या नावासारखं वाटतंय. कॉर्डेसबाई कुंपणाजवळ जाऊन सिगारेट शिलगावून पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"कधीपासून?"

"ऑक्टोबर. डॉक्टरने सांगितलं जानेवारीत."

"आणि मी तुला बशा घेऊन टॉर्क कन्व्हर्टर समजावत होतो." त्याचा चेहरा लाल झाला होता. "रोज सकाळी. येड्यासारखा."

"छान समजावलंस."

"गप्प बस, गेशे. अगदी गप्प बस." एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने दोघंही हलली. "का नाही सांगितलंस?"

"तूच म्हणाला होतास. आई गेली त्या दिवशी. पुन्हा जमायचं नाही म्हणालास."

त्याने बूट अजून हातात धरला होता, पायासकट. ती वाट बघत होती. ते तसं नव्हतं म्हटलं मी, असं तो म्हणेल. तुझी गोष्ट वेगळी, असं म्हणेल. नवरे म्हणतात.

"हो," एनो म्हणाला. "म्हणालो होतो."

एवढंच. मग उठून त्याने पँटचे गुडघे झटकले. "चल. गार वारा आहे. मी चालवू?"

"नको," ती म्हणाली. "मी चालवते."

गाडी त्यांनी तीच घेतली. त्याबद्दल पुन्हा बोलणं झालं नाही; एनोने सह्या केल्या, कॉर्डेसबाईंनी किल्ली देताना गेशेचा हात आपल्या दोन्ही हातांत नको तितका वेळ धरला. घरी एनो नेहमीसारखाच होता आणि नेहमीसारखा असण्याचे कष्ट त्याच्या मानेत दिसत होते. एकदा ती शिकवणीहून आली तर घरातल्या पॅसेजमधले सगळे गालिचे गुंडाळून कपाटावर ठेवलेले. उघडी फरशी दिवाणखान्यापर्यंत लांबलचक पसरली होती. हे त्याचं उत्तर होतं की नुसतीच व्यवस्था, हे तिला कळेना. विचारायचं धाडस झालं नाही. त्याच्या आईच्या वेळीही त्याने पहिल्यांदा गालिचेच उचलले होते.

ओस्टरझीलच्या रविवारी तो दारात उभा राहून म्हणाला, "मी येऊ का?" ती नको म्हणाली. एकटीच निघाली. शहरातून गाडी आवाज न करता सरकली, हायवेला लागली आणि एका लयीत पळत राहिली. गाडीत खोट काढायला जागा नव्हती. डावा पाय तिरक्या पट्टीवर पडून होता, सोबत नेलेल्या सामानासारखा. तिने ठरवलं होतं: आज नुसत्या हातांनी वाजवायचं. पायांना जमेल तेवढं ढकलत न्यायचं नाही, उजव्याला उड्या मारायला लावायच्या नाहीत. वाजवायचं, आणि मग लोक माना वळवून वर बघतील, खालून कुजबुज येईल, आणि प्रार्थना संपली की पास्टर फोल्कर्टना सांगून टाकायचं. सांगायची वेळच येणार नाही खरं तर. ऐकूनच कळेल त्यांना. तळच नसलेला ऑर्गन कुणाला कळणार नाही?

माळ्याचा जिना तिने कठड्याला दोन्ही हातांनी धरून चढला. बाकाच्या खालच्या आडव्या दांडीवर दोन्ही पाय टेकवले. वाजवायला सुरुवात केली आणि तिच्याच कानांना ते इतकं पोकळ वाटलं की मानेवर घाम फुटला. घराच्या भिंती आहेत, छप्पर आहे, जमीन काढून घेतलेली. समोरच्या छोट्या आरशात तिला खालची डोकी दिसत होती, टकलं, टोप्या, पांढरे अंबाडे. एकही मान वळली नाही. भजन सुरू झालं, त्यांनी नेहमीसारखंच अर्धा श्वास मागे राहून म्हटलं. दुसरं म्हटलं. पहिल्या रांगेतला एक म्हातारा नेहमीच्या जागी पेंगला. तिने एक कडवं मुद्दाम उघडं, अगदी बारीक वाजवलं. पास्टर फोल्कर्टनी आरशातून तिच्याकडे बघून प्रेमाने मान हलवली.

बाहेर आली तेव्हा गाडीभोवती घोळका होता, आणि तिकडच्या रामरामाने सुरुवात झाली. "मोइन, गेशेबाई! नवी?" "ऑटोमॅटिक का हो? हायवेला कशी पळते?" "माझ्या सुनेची सारखी बंद पडते चौकात, तिला सांगतो हीच घे म्हणून." तिने सगळ्यांना उत्तरं दिली. दोन क्लचवाला नको म्हणाली. तेल तेलाला कसं ढकलतं ते सांगितलं. सांगताना तिला आपलाच आवाज एनोसारखा येत होता.

पास्टर फोल्कर्ट झगा काढून हातावर टाकून आले. उंच, वाकलेले, दयाळू गृहस्थ. "आज काय सुरेख वाजलं. हलकं, मोकळं. वसंत आल्यासारखं."

"मी आज पाय लावलेच नाहीत," गेशे म्हणाली.

"हो का?" ते म्हणाले. "माझ्या लक्षातच आलं नाही बघा." मग गाडीच्या छपरावर हात ठेवून, "आईला घ्यायची आहे मला अशीच. विश्वासाची आहे ना? हिची बॅटरी किती वर्षं जाते हो?"

"बरीच वर्षं," गेशे म्हणाली. "वर माझं काहीतरी राहिलंय. आलेच."

जिना पुन्हा चढायला तिला फार वेळ लागला. तिने ऑर्गनची मोटर लावली. पेटाऱ्यात वारा भरल्याचा तो लांब सुस्कारा आला. पायपट्ट्यांचे आवाज उघडणाऱ्या खुंट्या तिने एकेक करून ओढल्या, सगळ्या. मग बाकावर बसून डावा पाय अगदी डावीकडच्या पट्टीवर ठेवला आणि दाबला. पट्टी अर्धी गेली. वरून आजारी गुरासारखा एक श्वास आला आणि विरला. तिने पुन्हा दाबला. पुन्हा तेच. मग ती बाकावरून उतरली, गुडघे टेकले आणि रांगत बाकाखाली शिरली. तिथं धूळ होती, जुन्या मेणाचा आणि लाकडाचा वास होता. इतक्या जवळून तिने या पट्ट्या कधीच पाहिल्या नव्हत्या. मधोमध त्या झिजून खोलगट झाल्या होत्या, तिच्या आधीच्या कितीतरी पायांनी, आणि तिच्याही. तिने दोन्ही तळवे सगळ्यात खालच्या पट्टीवर ठेवले, कोपरं ताठ केली आणि अंगाचा सगळा भार सोडला.

आवाज कानात आला नाही. तो आधी फरशीतून गुडघ्यांत आला, मग छातीत, मग दातांत. खिडक्यांच्या काचा शिशाच्या चौकटीत थरथरू लागल्या. कुठेतरी छपरातून बारीक माती गळली. तिने श्वास घेतला नाही, हात हलवला नाही. एकच स्वर, त्याच्यावर काही नाही, आधी काही नाही, पुढे काही नाही. तिच्या तोंडातून काहीतरी बाहेर येत होतं, पण ते त्या आवाजात तिलाही ऐकू येत नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली असावीत. पास्टर फोल्कर्ट धापा टाकत माळ्याच्या तोंडाशी उभे होते, मोकळ्या बाकाकडे बघत. मग त्यांना खाली तिचे बूट दिसले.

"गेशेबाई? अहो, काय झालं? बिघडलं का काही?"

"ऐकू येतंय का?" तिने खालूनच, ओरडून विचारलं.

ते हळूच वाकले, मग कठड्याला धरून तिथंच पायरीवर बसले. फोल्कर्टनी आपला तळहात फरशीवर टेकवलेला तिला दिसला.

"येतंय," ते म्हणाले. "बाहेरही येतंय. सगळे थांबलेत."

"थांबू देत," गेशे म्हणाली, आणि तिने भार काढला नाही.